सहावं वांगं

पत्र असं आलंय:

"नमस्कार मावशी. आम्ही कोपरखैरणेला रो हाऊसमध्ये राहतो, वर गच्ची आहे. माझे सासरे, आम्ही आबा म्हणतो, 74 वर्षांचे. मूळचे पाटण तालुक्यातले, सगळी उमर माथाडी कामात गेली, कांदा-बटाटा मार्केटला. रिटायर झाल्यापासून गच्चीत ग्रो बॅगा लावून भाजी करतात. मागच्या फेब्रुवारीत पहिल्यांदाच प्रदर्शनात वांगी आणि एक गुलाब नेला. वांगी एवढी मोठी की लोक थांबून बघत होते. पण निकालानंतर बघितलं तर बशीपुढे चिठ्ठी, 'नियमात बसत नाही'. पाच वांगी मांडायची होती, आबांनी सहा मांडलेली. का म्हणून विचारलं तर म्हणाले, देताना वर एक घालायची सवय आहे. त्या दिवसापासून गच्चीवर जाणंच कमी केलं. आता गणपती गेल्यावर स्वतःहून म्हणाले, यंदा परत न्यायचं. पण युरियाची पिशवी आणून ठेवलीय, मागच्यापेक्षा मोठी काढणार म्हणतात. शेजारचे म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, आदल्या दिवशी वाशी मार्केटमधून निवडून आणा आणि मांडा, सगळे तेच करतात. परत तसंच झालं तर त्यांना सोसणार नाही अशी भीती वाटते. त्यांना थांबवू का? – एक सून"

अगं, थांबवू नकोस. पहिल्यांदा तेच सांगते, बाकीचं नंतर.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या सहाव्या वांग्यापाशी थांबले. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याचा माल पाठीवर वाहिला, त्याने स्वतःचा माल पहिल्यांदा लोकांपुढे ठेवताना वर एक घातलं, यात चुकीचं काही नाहीये, आपल्याकडे भाजीवाली पण वर कोथिंबिरीची काडी घालतेच की. पण प्रदर्शनाचा परीक्षक गिऱ्हाईक नसतो. नियमपत्रकात 'नग 5' लिहिलंय म्हणजे पाचच, सहा नाहीत आणि चारही नाहीत, आणि नग चुकला की परीक्षक त्या बशीकडे पुढे बघतच नाही, माल कितीही चांगला असो. हे निष्ठुर वाटतं पण बाकीच्यांनी पाच मांडले असताना सहातनं निवडायची मुभा एकालाच कशी द्यायची? मी स्वतः एका प्रदर्शनात (ठाण्यातच, वीसेक वर्षं झाली असतील) 'एका दांड्यावर एक फूल' या गटात गुलाब ठेवलेला, त्याच्या खालच्या पानाच्या काखेत हरभऱ्याएवढी कळी राहिलेली, मला दिसलीच नव्हती. बाद. घरी येऊन रडले होते, खरं सांगते. त्यामुळे आबांना काय वाटलं असेल ते मला कुणी समजावून सांगायला नको.

आता मुद्द्याचं. आबांचा समज असा झालाय की गेल्या वर्षी नग चुकला, यावर्षी नग बरोबर ठेवला आणि वांगी अजून मोठी काढली की झालं. नाही होणार. इथेच तू त्यांना अडवायचंस, न्यायला नाही, मोठं काढायला. भाजीच्या बशीत परीक्षक आधी बघतो ते सारखेपण. पाचही नग एका आईच्या पोटचे वाटले पाहिजेत, आकार, रंग, लांबी, देठ, सगळं. मग ताजेपणा, मग डाग-किडा-ओरखडा, आणि मोठेपण या सगळ्यात एक भाग, तोही त्या जातीला शोभेल एवढाच. वांगं फार वाढवलं की त्याची चकाकी जाते, आत बी धरतं, साल जून होते, हात लावताच कळतं. चार मोठी आणि एक लहान अशी बशी, पाच मध्यम पण तंतोतंत सारख्या वांग्यांपुढे हरते. दर वेळी हरते.

आणि हे आबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं! कांद्याच्या बाजारात त्यांनी काय बघितलंय आयुष्यभर? एक नंबर वेगळा, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, बदला म्हणजे खराब माल वेगळा. एका गोणीत तिन्ही मिसळले की भाव पडतो, आणि सगळी गोणी गोल्टीची असली तरी गोल्टीचा का होईना, नीट भाव येतो. प्रदर्शन म्हणजे हीच प्रतवारी, फक्त गोणीच्या जागी बशी. त्यांना हे याच शब्दांत सांग, 'सारखेपण' वगैरे माझे शब्द नकोत, म्हण की आबा, माल निवडून एक नंबरचा लावायचाय, मिक्स नको.

कांद्यावरनं आठवलं, त्यांना हेही सांग, आवडेल. इंग्लंडमध्ये हॅरोगेटच्या नावाने शरद ऋतूत प्रदर्शन भरतं, तिथे 2023 साली एक कांदा आला होता, 8.97 किलोचा. एक कांदा! जगातला सगळ्यात जड म्हणून नोंदला गेला. पण तो बसतो अजस्र भाज्यांच्या गटात, तिथे फक्त वजनकाटा बोलतो. त्याच देशात दुसरीकडे 250 ग्रॅमच्या आतल्या कांद्यांचाही वेगळा गट असतो, आणि तिथे लोक महिनोन्महिने खपतात ते कांदे एकमेकांसारखे दिसावेत म्हणून, माना दोऱ्याने सारख्या बांधून मांडतात. म्हणजे मोठं काढणं हा एक खेळ आणि सारखं काढणं हा दुसरा. आपल्याकडची प्रदर्शनं, ठाण्याचं वृक्षवल्ली घे, भायखळ्याच्या राणीबागेतलं घे, पुण्याला एम्प्रेस गार्डनमध्ये 26 जानेवारीच्या सुमाराला भरतं ते घे, तिथे भाजी-फुलांच्या गटात हा दुसरा खेळ चालतो.

युरियाची पिशवी आबांच्या हातून काढून घेऊ नकोस, अपमान होईल, पण वापर कमी करायला लाव. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानात जातं, गर्द हिरवं, मऊ लुसलुशीत, आणि त्या मऊ पानांवर मावा-तुडतुडे-पांढरी माशी आलीच म्हणून समज, फुलं मात्र उशिरा आणि कमी. कुंडीत तर युरिया चमचाभर जास्त पडला तरी मुळं भाजतात, शेतात खपून जातं ते ग्रो बॅगेत खपत नाही. माती भरतानाच चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तिसरा हिस्सा, मूठभर निंबोळी पेंड, आणि झाड फुलावर आलं की पालाश, म्हणजे 0:0:50 नावाचं पाण्यात विरघळणारं खत लिटरला 5 ग्रॅम फवारायचं दहा-बारा दिवसांनी एकदा, असं दोन-तीनदा. रंग आणि कणखरपणा त्याने येतो.

पण खतापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारीख, आणि यात नव्वद टक्के लोक मार खातात. लोक बी लावतात तेव्हापासून पुढे मोजतात. प्रदर्शनवाल्याने मागे मोजायचं. तारीख जाहीर व्हायला वेळ असतो पण समज 10 फेब्रुवारी धरली. वांग्याचं बी टाकल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला 30-35 दिवस, लावल्यापासून पहिली तोडणी 60-70 दिवस, पण पहिल्या तोडणीची वांगी सारखी नसतात, झाड जोमात यायला अजून पंधरा-वीस दिवस दे. म्हणजे साधारण 120 दिवस मागे, 13 ऑक्टोबरच्या आसपास बी पडलं पाहिजे. सगळं एकदम टाकायचं नाही. 5 तारखेला थोडं, 13 ला थोडं, 21 ला थोडं, कारण जानेवारीत थंडी कशी पडते त्यावर आठवडा इकडे-तिकडे होतोच आणि तीनमधली एक खेप नेमकी तारखेला सापडते. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे कसलं असतं तुला माहितीय, गच्चीचा स्लॅब तापतो, रोपांवर हिरवी शेडनेट हवीच, आणि पाणी सकाळी.

एकच जात लावायची. तीन जातींची तीन-तीन झाडं लावली की बशीत पाच सारखी कुठून निघणार? एका जातीची आठ-दहा झाडं. कृष्णा-कोयनेकडच्या माणसाला वांग्याची जात मी काय सांगू, ती त्यांनीच ठरवावी, फक्त नियमपत्रकात लांब वांगी, गोल वांगी असे गट वेगळे असतील तर कुठल्या गटात बसतं ते आधीच बघून ठेवा.

वांग्यासोबत पटकन होणारं एखादं दुसरं पण न्या, सगळा जीव एका बशीत नको. मुळा घे, पुसा चेतकी आपल्या गरम हवेत 40-45 दिवसांत तयार होते, म्हणजे 27 डिसेंबरला बी, आणि चार दिवस आधी एक ओळ, चार दिवस नंतर एक ओळ. पण मुळ्याला खोल आणि खडे नसलेली माती लागते, खडा लागला की मुळा दुभंगतो, म्हणून माती चाळून घ्यायची, निम्मी वाळू घातली तरी चालेल. लाल माठ, पालक महिन्याभरात येतात, जुडीचा गट असेल तर तेही सोपं. भेंडीला थंडीत दोन महिने धर, आणि भेंडी जून व्हायला एक दिवस पुरतो, टोक मोडून बघता येत नाही ना प्रदर्शनाच्या भेंडीचं, म्हणून त्याच झाडाची शेजारची मोडून बघायची.

पुढची युक्ती मी आजवर ज्यांना-ज्यांना सांगितली त्यांचा फायदाच झालाय. लोकरीचा धागा. वांग्याचं फूल उमललं की त्या दिवशी देठाला सैल धागा बांधायचा, 18 जानेवारीला उमललेल्यांना लाल, 20 ला पिवळा, 22 ला निळा, असं. फूल उमलल्यापासून वांगं तोडणीला यायला साधारण अडीच-तीन आठवडे. मग प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कुठल्या रंगाची वांगी एका वयाची आहेत ते समोर दिसतं, आणि एका वयाची, एका जातीची, एका उन्हातली वांगी सारखी असतातच, त्यासाठी देवाला नवस बोलावा लागत नाही. त्या आठवड्यात प्रत्येक झाडावर तीन-चारच फळं ठेवायची, बाकीची आधीच तोडून भाजी करा. वाकडं दिसलं की तोडा. फळ पानाला किंवा काट्याला घासत असेल तर पान काढा, ओरखडा उठला की तो जात नाही. जुनी माणसं पडवळ सरळ यावं म्हणून टोकाला दगड बांधायची ना, तसंच हे, फळ वाढत असतानाच त्याला वळण लावायचं, तोडल्यावर काही करता येत नाही.

अळीचं बघ. शेंडा मलूल होऊन माना टाकलेला दिसला की आत शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आहे, तो शेंडा तिथल्या तिथे खालून कापून गच्चीबाहेर, पिशवीत बांधून कचऱ्यात. आठवड्यातून दोनदा हे केलं की निम्मं काम होतं. बाकी 5 टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढून अडकवणारा). निवडलेल्या फळांना जाळीच्या पिशव्या बांधल्या तरी चालतं, मी बांधते. शेवटचे दहा दिवस कसलाही फवारा नको, डाग दिसतात.

गुलाबाचं तू फार लिहिलं नाहीस पण आबांनी तो हौसेने नेला होता म्हणजे त्यातही जीव आहे. छाटणीपासून फूल यायला आपल्या हवेत 45-50 दिवस लागतात. म्हणजे 10 फेब्रुवारीसाठी 22 ते 27 डिसेंबर छाटणी, आणि सगळी झाडं एका दिवशी नाही, दोन-दोन दिवसांनी एकेक. फांदीच्या टोकाला एकच कळी ठेवायची, काखेतल्या सगळ्या कळ्या मटारएवढ्या व्हायच्या आत नखाने काढायच्या, मोठ्या झाल्यावर काढल्या तर जखम दिसते (आणि राहिल्या तर काय होतं ते वर सांगितलंच). फूल अर्धं ते पाऊण उमललेलं असताना परीक्षकासमोर यायला पाहिजे, मधला शंकू उंच, पाकळ्या फिरत बाहेर आलेल्या. पूर्ण उमललं की मधले केसर दिसतात, गेलं. आदल्या संध्याकाळी लांब दांड्यावर तिरका काप द्यायचा, दांडा पाण्यात बुडवून पाण्याखालीच परत थोडा कापायचा आणि मानेपर्यंत पाण्यात, अंधाऱ्या गार खोलीत रात्रभर. फ्रिजमध्ये फळांशेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या फळांचा वायू फुलाला लागतो.

शेवंती लावायची म्हणत असतील तर एक गोष्ट, तुमच्या रो हाऊससमोर रस्त्याचा दिवा असेल आणि त्याचा उजेड गच्चीवर पडत असेल तर शेवंती त्या कोपऱ्यात ठेवू नका. तिला कळी धरायला लांब अंधारी रात्र लागते, दिव्याखाली ती नुसती पानं काढत बसते. आमच्या सोसायटीत एकीची शेवंती तीन वर्षं फुलत नव्हती, कुंडी जिन्याच्या पलीकडे सरकवली, त्या वर्षी फुलली.

आता तुझे शेजारी. मार्केटमधून आणून मांडायचं. सगळे करतात म्हणे. सगळे करत नाहीत गं, मी एवढी वर्षं बघतेय, करणारे असतात आणि त्यातल्या काहींना बक्षीसही मिळून जातं, नाही म्हणत नाही, परीक्षक काही प्रत्येकाच्या गच्चीवर चढून बघत नाही. पण अनुभवी परीक्षकाला कळतं बरेचदा. बाजारातलं वांगं गोणीत, क्रेटमध्ये एकमेकांवर घासून आलेलं असतं, देठावरचे काटे मोडलेले, देठाची टोपी सुकलेली, दाबलेल्या जागा. सकाळी झाडावरून कात्रीने काढलेल्या वांग्याचा देठ वेगळाच हिरवा असतो. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, ज्या मार्केटमध्ये आबांनी पाठ झिजवली तिथलाच माल विकत आणून 'मी पिकवला' म्हणून त्यांच्या नावाच्या चिठ्ठीखाली ठेवायचा? त्यांना हे सुचवूसुद्धा नकोस. बक्षीस मिळालं तरी तो कप ते घरात कुठे ठेवतील सांग मला.

शेवटचा दिवस. वांगी सकाळी उजाडता तोडायची, कात्रीने, सगळ्यांचे देठ सारख्या लांबीचे, इंचभर. तेल लावून चमकवायचं नाही, ओल्या मऊ फडक्याने हलकी माती पुसायची तेवढीच. काकडी, दुधी, कोबी असेल तर तेही नाही, त्यावरचा पांढुरका मेणासारखा थर हाच ताजेपणाचा पुरावा असतो आणि बोट लागलं की तो जातो. जुन्या धोतराच्या घडीत एकेक गुंडाळून उथळ खोक्यात एकाच थरात ठेवायची, एकावर एक नाही. लोकलने जाणार असाल तर सकाळी लवकरची, मी एकदा नऊच्या गर्दीत डबा डोक्यावर धरून नेला होता, पोचेपर्यंत दोन टोमॅटो फुटले. रिक्षा करा, त्या दिवशी पैशाकडे बघू नका. पाचासाठी आठ न्या, तिथे पोचल्यावर खराब झालेली बदलता येतात, पण उरलेली तीन पिशवीतून बाहेर काढायचीच नाहीत. नियमपत्रकाची झेरॉक्स खिशात. मांडून झालं की ते पत्रक हातात घेऊन आबांनी मोठ्याने वाचायचं आणि तू बोट लावून मोजायचं, गट कुठला, नग किती, चिठ्ठी भरलीय का. मग बशीला हात लावायचा नाही.

एवढं करूनही बक्षीस येईलच असं मी लिहून देणार नाही. ठाण्या-नवी मुंबईत गच्चीवाले आता पुष्कळ झालेत आणि चांगले झालेत. पण निकालानंतर परीक्षक कधीकधी तिथेच असतात, त्यांना जाऊन विचारायला सांग, साहेब माझ्या बशीत काय कमी पडलं. बरेच जण सांगतात, आनंदाने सांगतात. गेल्या वर्षी आबांना तेच कुणी सांगितलं नाही, नुसती चिठ्ठी मिळाली.

आणि आज संध्याकाळी एक कर. मार्केटमधून वांगी आणच, दोन किलो आण, मिक्स. ओट्यावर ओत आणि आबांना म्हण, यातली पाच सारखी काढून द्या, मला भाजीला हवीत. बघ किती वेळ लावतात. एक उचलतील, परत ठेवतील, देठ बघतील, हातात तोलतील. पाच काढून झाली की त्यातली नावडती कुठली ते विचार, ते सांगतीलच. मग म्हण, आबा, 13 ऑक्टोबरला बी टाकायचंय, कॅलेंडरवर खूण करा.